पांदणीतलं विमान

वसमतला माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हा मी मेलेल्या माणसांचे डोळे उघडून देत असे. वाचून दचकू नका. त्या काळी खेड्यात माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो काढायचं कुणाच्या मनात येत नसे. म्हातारा गेला की मग घरच्यांना आठवण होई, कुणीतरी सायकल घेऊन माझ्याकडे येई, आणि मी भिंतीला टेकवून बसवलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढून आणी. पुढचं काम ब्रशचं. मिटलेल्या पापण्यांवर मी डोळे काढत असे, आणि ते चांगले काढत असे. एकदा एका सुनेनं फोटो परत आणला. म्हणाली, "मामंजी असे बघत नव्हते. हे तर लईच गरीब दिसून राहिले." मी भुवया थोड्या जवळ आणल्या, बुबुळं वर घेतली. तिनं फोटो हातात घेतला आणि नकळत डोक्यावरून पदर ओढला. ती मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती.

आमच्या धंद्यात याला फिनिशिंग म्हणत. देवीचे व्रण बुजवणं, विस्कटलेली मिशी सारखी करणं, हातात घड्याळ नसेल तर घड्याळ काढून देणं. नवरा-बायकोचा एकत्र फोटो नसेल तर दोन फोटो जोडून शेजारी बसवणं. एका गृहस्थानं भांडण झालं म्हणून सख्ख्या भावाला फोटोतून काढायला लावलं. पुढच्या पोळ्याला दोघं एका सायकलवर आले आणि म्हणाले, आता परत घाला. म्हणून मी कुठलीही निगेटिव्ह कधी फेकली नाही. या सवयीनं पुढे माझी लाज राखली. ब्रशच्या सवयीनं मात्र ती घालवली होती. ती हकिगत सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा तेव्हा परभणी. एका सकाळी माझा लांबचा पाहुणा केरबा स्टुडिओत आला. हा कुरुंद्याच्या पलीकडच्या एका गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांची नातवंडं आता माझ्याशी फार चांगली वागतात. केरबाबरोबर एक उंच, वाकलेले म्हातारे होते. धोतर, डोक्याला मळकं मुंडासं, आणि छातीशी धरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

केरबाची तक्रार साधी होती. आमच्या बौद्ध समाजातल्या तीन घरांची रानं माळाच्या अलीकडे होती. गावातून तिकडे जायला जुनी पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बांधांमधून गेलेला गाडीरस्ता. त्या पांदणीला लागून दिगंबरराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याची जमीन. दर पेरणीला त्यांचा नांगर वीतभर पांदणीत सरकायचा. शेवटी त्यांनी काट्यांचं कुंपण घातलं, दोन फूट जागा ठेवली, आणि म्हणाले, इथे पहिल्यापासून पायवाटच होती, ती मी सोडली आहे. आता केरबाला शेणखताची गाडी रानात नेता येईना. हळद काढली तर ती डोक्यावरून गावात आणायची. त्याची बायको आणि भावजय दोन वर्षं ते करत होत्या. गाडीच जात नसेल तर पुढच्या वर्षी हळद लावायची नाही, असं घरात ठरत आलं होतं.

तहसीलदारांकडे अर्ज झाला होता. पण जुन्या नकाशावर पांदणीची जागा पुसट, आणि रुंदी कुठेच लिहिलेली नाही. जुनी माणसं वारलेली. जी होती त्यांना दिगंबररावांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. उरले हे एकटे लिंबाजी आबा. आबा काही केरबाच्या भावकीतले नव्हेत. ते दिगंबररावांच्याच जातीचे, लांबून नातंही लागत होतं. मुलांनी त्यांना बजावलं होतं की या भानगडीत पडू नका. मी विचारलं, आबा, तुम्ही मग कसे तयार झालात? आबा म्हणाले, "मी कोनाच्याच बाजूनं न्हाई. मी पांदणीच्या बाजूनं हाय. त्या पांदणीतून म्या इमान नेलंय."

आमच्याकडे खेड्यातली माणसं विमानाला इमान म्हणतात, आणि सचोटीलाही इमानच. त्यामुळे आबांची गावानं फार थट्टा केलेली. लिंबाजीकडे इमान आहे पण ते उडतं, असं लोक म्हणत. तीस-चाळीस वर्षं ते ही गोष्ट सांगत होते आणि गाव त्यांना चहा पाजून पुन्हा पुन्हा सांगायला लावत होतं, हसण्यासाठी.

गोष्ट अशी. निजामाचं राज्य होतं. आबा विशीतले. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती. एक विमान आभाळातून आलं, गावाभोवती दोन घिरट्या घातल्या आणि आबांच्या चुलत्याच्या शेतात उतरलं. आत एकामागं एक असे दोघं बसलेले, डोक्यावर छप्पर नाही. एक साहेब, एक हैदराबादचा माणूस. वाट चुकली आणि पेट्रोल संपलं. दोन दिवसांनी मोटारीतून पेट्रोल आलं, पण विमान उडेना, कारण काळ्या रानाला उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याला पळायला कडक जमीन हवी. ती माळावर. मधे पांदण. मग साहेबानं पंखांच्या खिट्ट्या काढल्या आणि पंख मागं फिरवून अंगाशी मिटवले.

"खुडूक कोंबडी बसताना आवळून घेती ना पंख, तसे," आबा म्हणाले. "मग सहा जनांनी ढकललं. शेपूट माझ्या खांद्यावर होतं."

माळावर पंख पुन्हा उघडले आणि विमान उडून गेलं. काही महिन्यांनी आबांच्या नावानं टपालानं एक फोटो आला, पांदणीत विमान ढकलताना साहेबानं काढलेला. तो या डब्यात होता.

मी फोटो हातात घेतला. दोन बोटं रुंद, पिवळा पडलेला, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. त्यात विमानाचं तोंड, दोन चाकं, शेजारी उभे असलेले धोतरवाले, मागे एक लिंब आणि हद्दीचा दगड. पंख नव्हतेच म्हणा. दोन्ही बाजूंना बाजा उभ्या करून ठेवल्यासारखं काहीतरी दिसत होतं. अंगावरचा नंबर त्याच्याआड गेलेला.

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. कारण असं एक विमान माझ्याकडेही होतं. प्लायवूडचं, निळ्या रंगाचं. यात्रेत तंबू लावला की त्यात बसवून मी जोडप्यांचे फोटो काढायचो. त्यालाही पंख नव्हते, कारण तंबूत मावत नव्हते. आबा कुठल्या तरी यात्रेत असा फोटो काढून आले असणार आणि पुढे स्वतःच ते विसरले असणार, असं मला वाटलं.

पण भिंग लावून पाहिल्यावर माझं मत बदललं. फोटो खरा की बनावट हे आमच्यासारखी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, सावलीवरून ओळखतात. खोटं चित्र रंगवणारा सावली एक तर विसरतो किंवा तिला भलतीकडे पाठवतो. इथे माणसांच्या, लिंबाच्या आणि विमानाच्या सावल्या एकाच अंगाला पडल्या होत्या. चाकं फुफाट्यात रुतली होती आणि चाकामागे उठलेली माती दिसत होती. प्लायवूडचं विमान मातीत रुतत नाही. मी आबांना म्हणालो, आबा, हे खरं विमान आहे. आबांनी नुसती मान हलवली. ते त्यांना माहीतच होतं.

मी कॉपी करायला घेतली. जुन्या फोटोची कॉपी म्हणजे फोटोचाच फोटो. तो पाटीवर टाचायचा, दोन बाजूंनी दोन बल्ब लावायचे म्हणजे चमक येत नाही, निगेटिव्ह घ्यायची आणि तिच्यावरून मोठा फोटो छापायचा. फोटो छान आला. मग मी ब्रश घेऊन बसलो. जुन्या फोटोवर बुरशीचे ठिपके असतात. ते भरून काढायचे हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की डोक्याला विचारायची गरज पडत नसे. आभाळातले ठिपके भरले. आबांच्या धोतरावरचा डाग भरला. विमानाच्या नाकावर, वरच्या अंगाला, चार फिकट गोल ठिपके होते. तेही भरले आणि नाकाला पंख्यापर्यंत सुरेख उतार दिला.

माझी पत्नी शांता शेजारी बसून एका नवरदेवाच्या फोटोतला फेटा रंगवत होती. रंगाचं काम तीच करायची. तिनं मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "ते चार ठिपके काहून पुसले?"

मी म्हणालो, बुरशी आहे.

ती म्हणाली, "बुरशी कधी रांगेत उगवती का?"

मी म्हणालो, तू फेट्याकडे बघ. ती फेट्याकडे बघू लागली.

तहसीलमध्ये तारीख लागली तेव्हा मी हौसेनं गेलो. माझा मोठा फोटो टेबलावर होता. मूळ फोटो इतका बारका की तो मीच पाकिटात घालून खिशात ठेवला होता. तो कुणी मागितलाही नाही. तहसीलदार तरुण होते, पुण्याकडचे, सायन्स शिकलेले. दिगंबररावांचे वकील वसमतचेच, गोड बोलणारे. त्यांनी आबांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळी गोष्ट पुरती सांगू दिली, आणि मग विचारलं की आबा, विमानाची रुंदी किती असेल? आबा म्हणाले, पंख धरून तीस फुटाला कमी नाही. आणि पांदण? दहा-बारा फूट.

"म्हणजे तीस फुटांचं विमान दहा फुटांच्या पांदणीतून गेलं," वकील म्हणाले.

"पंख मिटले व्हते," आबा म्हणाले.

सगळी खोली हसली. बाहेर व्हरांड्यातले लोकही हसले, त्यांना आतलं नीट ऐकू आलं नव्हतं तरी. आबा गोष्ट सांगायला चाळीस वर्षं सरावलेले होते, आणि हसण्यालाही. पण केरबाचं तोंड उतरलं.

तहसीलदार हसले नाहीत. ते फोटो उचलून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, यात हसण्यासारखं काही नाही. हे विमान कुठल्या जातीचं आहे ते कळलं तर त्याचे पंख मिटतात की नाही ते कळेल. मिटत असतील तर मिटल्यावर त्याची रुंदी किती ते कळेल. आणि ते पांदणीतून गेलं असेल तर पांदण तेवढी रुंद होती. म्हणजे विमान हीच मोजपट्टी. एवढं बोलून त्यांनी हैदराबादच्या एका फ्लाइंग क्लबला पत्र लिहायला सांगितलं आणि सोबत माझा फोटो जोडला.

उत्तर यायला महिना-सव्वा महिना लागला. तेवढे दिवस मी वसमतमध्ये विमानांचा जाणकार म्हणून वावरलो. हॉटेलात एक रिटायर्ड फौजी बसायचे. त्यांनी माझ्याकडची प्रत बघितल्याबरोबर सांगितलं की हे टायगर मॉथ, आम्ही छावणीत रोज बघायचो. दोन पंखांवर दोन पंख, उघडी बैठक, शिकाऊ वैमानिकांचं विमान. झालं. मी भेटेल त्याला टायगर मॉथ सांगू लागलो. नाव भारदस्त होतं. लोक चहा पाजत. आबा एकदा बाजाराला आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, त्याचे पंख मिटतात ना? मी म्हणालो, मिटणारच.

पुढच्या तारखेला पत्र वाचलं गेलं. ते क्लबातल्या एका निवृत्त मेकॅनिकनं लिहिलं होतं. सगळी हयात विमानांच्या पोटाखाली गेली होती त्यांची. भाषा हैदराबादी, आणि माणूस स्पष्ट. तहसीलदारांनी कारकुनाला मोठ्यानं वाचायला सांगितलं.

"इस जहाज की नाक टायगर मॉथ की है. टायगर मॉथ के पर बंद नहीं होते. मगर तस्वीर में पर बंद हैं. ऐसा जहाज किसी कारखाने में नहीं बना. किसी फोटोग्राफर के यहाँ बना होगा."

या वेळी हसू आलं ते माझ्याकडे बघून आलं. वकील उठले आणि म्हणाले, साहेब, आता लिहून घ्यावं. साक्षीदार खोटा, फोटो खोटा. यात्रेतलं विमान कोण पुरवतं ते सगळ्या वसमतला माहीत आहे. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी त्यांना टायगर मॉथ सांगितलं होतं, आणि ते तसंच निघालं होतं.

कारकून पुढे वाचत होता, कारण पत्र संपलं नव्हतं. मेकॅनिकनं लिहिलं होतं की पंख मिटणारं एक विमान होतं खरं, टायगरची थोरली बहीण, जिप्सी मॉथ. पण तिचं नाक असं गुळगुळीत नसतं. टायगरचं इंजिन उलटं टांगलेलं असतं म्हणून वरून उतार दिसतो. जिप्सीचं इंजिन सरळ उभं असतं. "उसके चार सर नाक के ऊपर निकले रहते हैं, एक कतार में."

एक कतार में. हे शब्द ऐकले आणि मला शांताचा प्रश्न ऐकू आला. 

आता माझी अडचण समजून घ्या. त्या तहसीलमध्ये माझे फोटो चालत. अपघात झाला, भिंत पडली, विहीर खचली, की पंचनाम्याला फोटो मीच काढत असे. फोटोवाल्यानं पुराव्याच्या फोटोत ब्रश चालवला हे एकदा बाहेर पडलं की माझ्या मागच्या सगळ्या फोटोंवर बोट दाखवलं गेलं असतं. गप्प बसलो तर कुणालाही काही कळणार नव्हतं. आबा खोटे ठरणार होते, पण ते तर कधीपासूनच खोटे होते. असा विचार माझ्या मनात आला. आला हे कबूल करतो. मग माझी नजर केरबाच्या बायकोकडे गेली. ती दाराशी उभी होती, आणि पत्रातलं हिंदी तिला किती कळलं होतं कुणास ठाऊक, पण ती निघायच्या तयारीनं पिशवी उचलत होती.

मी उभा राहिलो. तहसीलदारांनी विचारलं, तुम्ही कोण?

"फोटोवाला," मी म्हणालो. "ती चार डोकी मी पुसली."

"का?"

"घाण दिसत होती."

आजवर मी अनेक सभांतून बोललो आहे, पण इतका हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही. तहसीलदारांनी चष्मा काढून पुसला. दिगंबररावसुद्धा हसले. वकील हसले नाहीत, कारण ते चतुर होते. त्यांनी लगेच मुद्दा काढला की ज्यानं एकदा पुसलं त्यानं काढलंही असेल. मी खिशातलं पाकीट काढलं, मूळ फोटो आणि माझं भिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, हा चाळीस वर्षांपूर्वीचा कागद आहे, याला माझा ब्रश लागलेला नाही, तुम्हीच पाहा. आधी तहसीलदारांनी पाहिलं. मग वकिलांनी पाहिलं. ते फार वेळ पाहत राहिले. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, ठिपके चार आहेत. मग म्हणाले, आणि रांगेत आहेत. वकील विरुद्ध बाजूचे होते पण माणूस खोटा नव्हता.

निगेटिव्ह माझ्याकडे शाबूत होती. त्या दिवशी घरी जाऊन मी तिच्यावरून नवा फोटो छापला आणि ब्रश शांताच्या हवाली केला. तिनं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तिनं नुसता ब्रश धुऊन बरणीत उभा ठेवला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसरं उत्तर लवकर आलं. मेकॅनिकनं लिहिलं होतं की आता बरोबर आहे, ही जिप्सी मॉथ, शंकाच नाही. खिट्टी काढली की एकटा माणूस तिचे पंख मागे फिरवू शकतो. तशी मुद्दामच केली होती, म्हणजे मोटारीच्या शेडमध्ये मावावी. पंख मिटल्यावर रुंदी दहा फुटाला थोडीशीच कमी. शेवटी दोन ओळी माझ्यासाठी होत्या. "फोटोग्राफर साहब को मेरा सलाम. उनसे कहिए, इंजन को हजामत की जरूरत नहीं होती."

तहसीलदार पाहणीला गावात आले तेव्हा सगळं गाव पांदणीवर लोटलं. फोटोतला लिंब तिथेच होता, बुंधा दुप्पट झालेला. हद्दीचा दगड काट्यांच्या कुंपणात सापडला. मी फोटो धरून मागे-पुढे सरकत विमानवाल्या साहेबानं तो जिथून काढला होता ती जागा शोधली. लिंब आणि दगड फोटोतल्यासारखे एकमेकांशी जुळले तेव्हा मी हात वर केला. टेपचं एक टोक तलाठ्यानं धरलं, दुसरं धरायला कुणी पुढे होईना, तेव्हा दिगंबररावांनीच धरलं. मोठेपणा म्हणून की लाज म्हणून, कुणास ठाऊक. तहसीलदारांनी दहा फुटांची खूण करायला सांगितली.

आबा म्हणाले, "साहेब, दहानं भागत न्हाई."

तहसीलदारांनी विचारलं, का?

"दहा फूट इमान. त्याला दोन्ही बाजूनं धरून आमी चालत होतो. आमी काय हवेत होतो?"

तहसीलदारांनी आबांकडे पाहिलं, मग आपल्या कागदाकडे, आणि बारा लिहिलं.

त्या वर्षी केरबानं हळद लावली. काढणीला मी मुद्दाम गेलो आणि पांदणीतून येणाऱ्या त्याच्या पहिल्या गाडीचा फोटो काढला. गाडीवर त्याची बायको आणि भावजय पोत्यांवर पाय सोडून बसल्या होत्या. फोटो जरा हललेला आहे. मी तो तसाच दिला.

माझ्या धंद्याचं नुकसान झालं का, असं पुष्कळांनी विचारलं. काही दिवस झालं. फोटो न्यायला आलेले लोक विचारत, हे नाक आमचंच ना? पण पुढे लोक विसरले आणि पुन्हा घड्याळ काढून मागू लागले. मला मात्र ते जमेना. माझ्या आईच्या कपाळावर गोंदण होतं, तीन ठिपके आणि खाली एक रेघ. ती गेल्यावर मी तिचा फोटो मोठा केला तेव्हा ते गोंदण पुसून टाकलं होतं, शहरातल्या बाईसारखी दिसावी म्हणून. त्या फोटोची निगेटिव्ह मी ज्यांच्याकडे हे काम शिकलो त्या नांदेडच्या उस्तादांकडे होती, ती त्यांच्या दुकानाबरोबर गेली. आज आईचा तेवढा एकच फोटो माझ्याकडे आहे. तिच्यासमोर उभा राहिलो की मला ते ठिपके आठवतात, पण रेघ सरळ होती की वाकडी, ते आठवत नाही.

दिगंबररावांचं सांगायचं राहिलं. निकालानंतर सहा-सात महिन्यांनी ते स्वतः स्टुडिओत आले, बसले, पाणी प्याले, आणि विमानाचा मोठा फोटो फ्रेम करून मागितला. तो त्यांनी बैठकीत लावला. पाहुणे आले की ते दाखवत आणि सांगत की निजामाच्या काळात आमच्या बांधाला लागून विमान गेलं होतं. पुढे पुढे ते विमान त्यांच्याच शेतात उतरू लागलं. कुणी शंका काढलीच तर ते म्हणत, तहसीलमध्ये सिद्ध झालेलं आहे.

हे सांगायला मी एकदा आबांना गाठलं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ते बैल बघत उभे होते. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. ते म्हणाले, सांगू द्या. मग म्हणाले की गावात आता त्यांना ती गोष्ट कुणी विचारत नाही. आधी रोज विचारत, चहा पाजत. खरी ठरल्यापासून कुणाला तिच्यात रस उरला नाही.

मला वाईट वाटलं. मी त्यांना चहाला नेलं. चहा आला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात सांगितलं की लेकीकडे गेले असताना सिद्धेश्वरच्या धरणात त्यांनी एक मासा पाहिला. बैलगाडीएवढा. गाडीएवढा म्हणजे जूसकट, असं त्यांनी स्पष्ट केलं. सकाळच्या वक्ताला भिंतीजवळ वर येतो, एकदा तोंड उघडतो आणि खाली जातो. गावात हे दहा-बारा जणांना सांगितलं, आबा म्हणाले, पण आता कुणी हसत नाही. सगळे नुसते मान हलवतात. त्यांना याचं फार वाईट वाटत होतं असं दिसलं नाही.

मी विचारलं, आबा, खरंच बैलगाडीएवढा?

त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "तुमी बी आता इच्यारता का?"

मी चहाचे पैसे दिले. पुढच्या रविवारी कॅमेऱ्यात नवा रोल भरला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं सिद्धेश्वरला गेलो. दुपारी बारापर्यंत भिंतीजवळ बसलो होतो. मासा काही वर आला नाही. शांतानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, उजेड बरोबर नव्हता.